पुरलेला नारळ आणि परीक्षकाची बुद्धी

विद्यार्थ्यांनी केलेल्या लघुपटांचे परीक्षण हे काम वरकरणी हलके समजले जाते. दहा-पंधरा मिनिटांची कृती, अननुभवी कर्ते, तुटपुंजी साधनसामग्री, आणि परीक्षकापुढे ठेवलेला तो छापील तक्ता, ज्यात संहिता, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, अभिनय असे रकाने पाडून प्रत्येकापुढे गुण मांडण्याची तजवीज केलेली असते. परंतु या तक्त्यात एक प्रश्न कोठेच बसत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी सोडवावयास हवा: कर्त्याने एखादी गोष्ट दाखवली किंवा दाखवली नाही, या निवडीचे मोल कशावरून ठरवायचे, तिच्या परिणामावरून, तिच्यामागच्या हेतूवरून, की आणखी कशावरून? हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे असे म्हणून धर्मचिंतकाने हात झटकावेत असा तो नाही. कारण कर्माचे मोल फळावरून ठरवावे की बुद्धीवरून हा वाद आपल्याकडे चित्रपटाच्या जन्माआधी शतकानुशतके चालत आलेला आहे, आणि त्या वादाची अर्वाचीन काळातील सर्वांत विस्तृत मराठी कैफियत ज्यांनी मांडली ते लोकमान्य टिळक रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मले.

दृष्टान्तासाठी मी शिमग्यावरचा एक लघुपट घेतो. तो कोणा एका विद्यार्थ्याचा नव्हे. शिमग्याचा विषय हाती घेणाऱ्या मुलांपुढे जे प्रसंग येतात आणि जे पेच पडतात ते एकत्र करून नैयायिकांच्या रीतीने तो मी मनाशी जुळवला आहे, म्हणजे कोणाच्या खऱ्या कृतीवर अकारण ठपका यावयास नको. शिमग्यात ग्रामदैवताची पालखी देवळाबाहेर पडते हे कोकणातील माणसाला सांगावयास नकोच. रुपे लावलेली, लुगड्यांनी सजवलेली पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर येऊन बसते, गाऱ्हाणी होतात, मानकऱ्यांचे मानपान शिरस्त्याप्रमाणे पार पडतात, मुंबईहून आलेले चाकरमानी खांदा देण्यासाठी गर्दीतून वाट काढीत पुढे घुसतात. रत्नागिरी शहरात बारा वाड्यांचा देव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्री देव भैरीच्या पालखीचा थाट वेगळा आणि सड्यावरच्या एखाद्या लहानशा वाडीतील पालखीचा वेगळा, एवढेच. परंतु काही गावांत या उत्सवाचा एक भाग असा असतो की त्याच्यापुढे कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला, त्याची इच्छा असो वा नसो, तत्त्वज्ञ व्हावे लागते. त्याला खूण काढणे म्हणतात. मोजक्या जाणत्या मंडळींनी इतरांना न सांगता मळ्यात कोठेतरी नारळ पुरून ठेवलेला असतो. ढोल-ताशांच्या गजरात खांद्यांवर नाचणारी पालखी कधी बांधापर्यंत जाऊन माघारी वळत, कधी गरगर फिरत, कधी जागच्या जागी हेलकावत अखेर एका ठिकाणी दांडीचे टोक टेकते, आणि तेथे खणले की नारळ निघतो.

आपल्या लघुपटाचा कणा हाच प्रसंग आहे. मानकऱ्यांनी विश्वासाने परवानगी दिल्यामुळे विद्यार्थ्याने आदल्या रात्री उशिरा मळ्यात जाऊन नारळ पुरतानाचे दृश्यही टिपलेले आहे, आणि ते दृश्य खरोखर सुरेख उतरले आहे: भाजावळीने काळी पडलेली जमीन, विजेरीच्या उजेडाचा लहानसा गोल, आवाज होऊ नये म्हणून कोयतीच्या टोकाने उकरलेली माती, शेंडीसकट खाली ठेवलेला नारळ, आणि शेवटी ती माती तळहाताने थापून सारखी करणारा एक म्हातारा हात, ज्याच्या नखांत राख बसली आहे. विद्यार्थ्याच्या साऱ्या चित्रणात याच्या तोडीचे दुसरे दृश्य नाही. आता संकलनाच्या मेजाशी बसल्यावर प्रश्न असा की हे दृश्य लघुपटाच्या आरंभी ठेवावे, नारळ निघाल्यानंतर शेवटी ठेवावे, की मुळीच ठेवू नये?

तंत्राच्या पाठ्यपुस्तकात याचे उत्तर तयार आहे. मेजाखाली ठेवलेला बाँब प्रेक्षकाला आधी दाखवला तर त्याची उत्कंठा वाढते आणि न दाखवता एकदम फोडला तर तो क्षणभर दचकतो, हा हिचकॉकने सांगितलेला भेद चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो, आणि म्हणून नारळ आधी दाखवावा असा सल्ला कोणताही शिक्षक सहज देईल. पण मेजाखालचा बाँब आणि मळ्यातला नारळ यांत एक महत्त्वाचे अंतर आहे. बाँब कोठे आहे हे जाणणारा प्रेक्षक पात्रांच्या जिवाची काळजी करू लागतो. नारळ कोठे आहे हे जाणणारा प्रेक्षक देवाची परीक्षा घेऊ लागतो. पालखी डावीकडे वळली की तो मनात म्हणतो, चुकले; उजवीकडे आली की म्हणतो, जवळ आले; आणि खुर्चीत बसल्या बसल्या तो नकळत अशा आसनावर जाऊन बसतो जे त्या मळ्यात उभ्या असलेल्या शेकडो माणसांपैकी कोणीही स्वतःकडे घेतलेले नाही. उलटपक्षी, नारळ दाखवलाच नाही तर प्रेक्षक गर्दीतला एक होतो, त्याला जेवढे खांदेकऱ्यांना ठाऊक तेवढेच ठाऊक, आणि दांडी टेकली की त्याच्याही छातीत काही तरी हलते. नारळाचे दृश्य शेवटी जोडले तर मात्र ते पुराव्याच्या कागदासारखे होते: पाहा, येथेच पुरला होता, आम्ही लबाडी केलेली नाही. म्हणजे एकच दृश्य तीन जागी ठेवल्याने प्रेक्षकाला तीन निरनिराळ्या पदव्या मिळतात, न्यायाधीशाची, भक्ताची आणि पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाची. आणि ही वाटणी करण्याचा अधिकार वीस वर्षांच्या मुलाच्या हाती आलेला आहे, याची त्याला बहुधा कल्पनाही नसते.

यावर बुद्धिवादी मित्र म्हणतील की यात एवढे गहन काय आहे. १८५३ साली मायकेल फॅरडेने मेज फिरवणाऱ्या प्रेतावाहकांच्या बैठकांचा बंदोबस्त एका साध्या उपकरणाने केला, आणि मेजावर हात ठेवून बसलेली प्रामाणिक माणसेच आपल्या नकळत मेज ढकलीत असतात हे दाखवून दिले. पालखीचेही तसेच असले पाहिजे. असेल. मी त्या खुलाशाला हरकत घेत नाही. पण फॅरडेच्या प्रयोगाचा जो अर्थ आपण घाईने लावतो तो मला अपुरा वाटतो. त्याने मेज फिरवणाऱ्यांना लबाड ठरवले नाही. त्याने एवढेच सिद्ध केले की माणूस एखादे कर्म करीत असतो आणि तरी ते आपण करीत आहोत हे त्याला ठाऊक नसते. हे विधान गीतेच्या अठराव्या अध्यायापासून वाटते तितके दूर नाही. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात, आणि असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असे तेथे सांगितले आहे. खांद्यावरची पालखी कोण चालवते या प्रश्नावर भाविक आणि बुद्धिवादी दोघेही ‘मी नव्हे’ असेच म्हणतात. एक नम्रतेने म्हणतो, दुसरा त्या खांदेकऱ्यांच्या वतीने शरीरशास्त्राच्या आधाराने म्हणतो. लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याने या दोघांच्या वादात निवाडा द्यावा अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. अपेक्षा एवढीच की हाच प्रश्न त्याच्या स्वतःच्या कर्माला लागू आहे हे त्याने ओळखावे: लघुपट कोण चालवते?

येथे टिळकांकडे वळणे भाग आहे. १९०८ च्या शिक्षेनंतर मंडालेच्या तुरुंगात त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने जो ग्रंथ लिहिला आणि जो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला रत्नागिरीकराच्या दृष्टीने एक विलक्षण योगायोग चिकटलेला आहे: रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी, आणि मंडालेचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध, एकाचा ग्रंथ तिकडे आकार घेत असताना दुसऱ्याचा राजवाडा इकडे नुकताच बांधून पुरा झालेला. असो. ‘गीतारहस्या’त टिळकांनी नीतिनिर्णयाच्या आधिभौतिक, आधिदैवत आणि आध्यात्मिक अशा तीन पंथांचा तपशीलवार परामर्श घेतला आहे, आणि पुष्कळांचे पुष्कळ सुख हे मिल-प्रभृतींचे माप कोठे तोकडे पडते हे दाखवताना अमेरिकेतील एका मोठ्या शहराचा दाखला दिला आहे. तेथे लोकांच्या सोयीसाठी ट्रामगाडी सुरू करू पाहणाऱ्या एका गृहस्थाने मंजुरी लवकर पदरात पडावी म्हणून अंमलदारांना लाच चारली; ट्राम झाली, लोकांची सोयही झाली, आणि मग लाचेचे प्रकरण उघडकीस येऊन खटला उभा राहिला. पहिल्या ज्यूरीचे एकमत होईना; दुसरी नेमल्यावर तिने त्याला दोषी ठरवले. परिणामाच्या मापाने पाहिले तर ट्राम सर्वांच्या फायद्याचीच होती. म्हणून बाह्य परिणामाहून कर्त्याची बुद्धी कशी आहे हेच पाहिले पाहिजे, असा टिळकांचा निष्कर्ष. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वाच्या अखेरीस युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात येऊन लोळणारा तो अर्धा सोनेरी मुंगूसही हेच सांगतो: दुष्काळात उपाशी ब्राह्मणाने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठाने त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले होते, आणि अश्वमेधाच्या एवढ्या मोठ्या दानधर्मानेही उरलेले अर्धे झाले नाही.

हे माप लघुपटाला लावले तर काय होते? पहिली गोष्ट, टाळ्यांचे माप बाद होते. दांडी टेकते त्या क्षणी सभागृहात टाळ्या पडल्या म्हणून दृश्य चांगले ठरत नाही. ट्राम उत्तम चालली म्हणून लाच चांगली ठरत नाही, तसेच. दुसरी गोष्ट मात्र अडचणीची आहे. विद्यार्थ्याने नारळ पुरण्याचे दृश्य गाळले असे धरा. गीतेने त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मोहाने केलेला त्याग तामस, क्लेशाच्या भयाने केलेला राजस, आणि कर्तव्य पार पाडून केवळ आसक्ती व फळ सोडणारा तो सात्त्विक. आपल्या विद्यार्थ्याने ते सुंदर दृश्य गूढतेला बाजारात भाव असतो एवढ्याच समजुतीने गाळले असेल. गावकरी रागावतील, पुढच्या वर्षी मळ्यात पाऊल ठेवू देणार नाहीत, या भीतीने गाळले असेल. किंवा खांदेकऱ्यांना जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असण्याचा काही अधिकार नाही असे मनाशी ठरवून, आपल्या सर्वोत्तम दृश्याचा मोह सोडून गाळले असेल. तिन्ही बाबतीत पडद्यावर जे उरते ते अगदी तेच, एका चौकटीचाही फरक नाही. मग परीक्षकाने बुद्धी पाहायची ती कोठे?

अमेरिकेत १९४६ साली विम्सॅट आणि बियर्ड्‌स्ली या दोघा समीक्षकांनी कर्त्याच्या हेतूचा शोध घेणे हीच मुळी चूक होय, हेतू उपलब्ध नसतो आणि इष्टही नसतो, असे ठासून सांगितले, आणि त्यानंतरच्या पिढीने तो निकाल जवळजवळ अंतिम मानला. परंतु त्यांच्यापुढे कविता होती, आणि कविता बहुधा एकट्याने लिहिलेली असते. लघुपटात गाळलेली गोष्ट पूर्णपणे गाळली जात नाही. तिची साक्ष शेजारची दृश्ये देतात. आपल्या लघुपटातील एकच दृश्य बारकाईने पाहू. पालखी बांधावरून खाली उतरत आहे, खांदेकऱ्यांचे अनवाणी पाय ढेकळांत रुतत आहेत, कोणाला कोणती दिशा धरायची ते कळत नाही असा एकूण गोंधळ आहे. आणि एवढ्यात चौकट बदलते, तर कॅमेरा मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीलगत, तिवईवर स्थिर उभा. समोर रिकामी काळी जमीन, मागे काजूची झाडे, पाठीमागून येणारा सोनेरी उजेड अचूक पकडलेला. पालखी दुरून हेलकावत येते, चौकटीच्या नेमक्या मध्यभागी थांबते आणि दांडी टेकते. किती देखणे! पण कॅमेरा तेथे आधी कसा पोहोचला? ज्याने नारळ पुरताना पाहिला होता तोच तेथे तिवई लावून बसू शकतो. विद्यार्थ्याने पुरण्याचे दृश्य कापले, तरी पुरल्याचे ज्ञान कापता आले नाही; ते तिवईच्या तीन पायांवर उभे राहून सर्वांना दिसत आहे. प्रेक्षकाला भक्ताच्या जागी बसवण्याचा बहाणा करून स्वतः मात्र जाणकाराच्या जागी बसलेला कर्ता येथे उघडा पडतो, आणि या त्यागाला सात्त्विक म्हणता येणार नाही हे ठरवण्यासाठी त्याची जबानी घेण्याचीसुद्धा गरज उरत नाही.

याच ठिकाणी दुसऱ्या एखाद्या मुलाने असे केले असते की कॅमेरा गर्दीतच ठेवला, पालखी जिकडे वळली तिकडे धडपडत गेला, दांडी टेकली तेव्हा मध्ये कोणाचा तरी सदरा आला, अर्धे दृश्य बुजले, आणि खणताना फक्त पाठी दिसल्या, तर छायाचित्रणाच्या रकान्यात त्याचे गुण कमी झाले असते, आणि तरीही त्याची बुद्धी निर्मळ होती हे त्या बुजलेल्या दृश्यानेच सांगितले असते. याचा अर्थ गचाळ काम हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे असा कोणी काढू नये. हल्ली हलत्या कॅमेऱ्याचे जे पीक आले आहे त्यात मुद्दाम हलवलेलाच पुष्कळ असतो, आणि मुद्दाम हलवलेला कॅमेरा ओळखू येतो: त्याला ठेच लागत नाही.

गीतेतील पाच कारणांचा तक्ता परीक्षकाला येथे छापील तक्त्याहून अधिक उपयोगी पडतो. अधिष्ठान म्हणजे कॅमेरा उभा आहे ती भूमी. तिच्याबद्दल वर पुरेसे झाले, एवढेच जोडतो की वरून उडणाऱ्या ड्रोनने पालखी दाखवण्याचा सोस हा अधिष्ठानाचाच प्रमाद आहे, कारण त्या उंचीवरून मळ्यात कोणीही कधी पाहिलेले नाही. करणाविषयी, म्हणजे साधनांविषयी, विद्यार्थी सर्वांत जास्त तक्रार करतात आणि परीक्षकाने तिला सर्वांत कमी महत्त्व द्यावे. चेष्टा म्हणजे संकलन, ध्वनी, संगीत हे सारे पृथक् उद्योग, आणि मुलांची खरी परीक्षा येथे होते. दांडी टेकते त्या क्षणी गती मंदावून पार्श्वसंगीत चढवले की मी मनाशी एक नोंद करतो: ढोल तेथे होतेच, त्यांच्यावर या मुलाचा विश्वास बसला नाही. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी असताना केलेला ‘गिरणी’ हा २००५ चा लघुपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल की घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा घरघराट एका लहान मुलाच्या जगात कसा शिरतो. यंत्राच्या आवाजावर विसंबण्याचे धैर्य हीच तेथील मोठी निवड होती. राहिले दैव. खांद्याला खांदा लावताना कोणाचा पाय मुरगळतो, पालखी अपेक्षेच्या उलट दिशेला तासभर फिरत राहते, कॅमेऱ्याची बॅटरी ऐन वेळी मान टाकते. विद्यार्थी याला अडथळा समजतो आणि लघुपटातून पुसून टाकतो. ज्या विषयात दैव हेच मुख्य पात्र आहे तेथे दैवाला चौकटीबाहेर हाकलणे ही कसूर मी गंभीर समजतो.

देवाला पडद्यावर आणण्याचा प्रश्न आपल्या चित्रपटाला नवा नाही. किंबहुना त्याचा जन्मच या प्रश्नात झाला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ करण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून ‘अंकुराची वाढ’ नावाचा जो छोटा प्रयोग केला, त्यात कुंडीतला वाटाणा रुजून वर येताना दिसतो. दिवसामागून दिवस एकेक चौकट टिपून केलेली ती युक्ती होती, पण तिच्यात फसवणूक नव्हती. जे खरोखर घडत होते तेच, मात्र मानवी डोळ्याला न झेपणाऱ्या गतीचे, तिने दाखवले. आपल्या देशातील पहिला विद्यार्थी-लघुपट म्हणावयाचा तर मी यालाच म्हणेन, गुरू आणि विद्यार्थी एकच असला तरी. पुढे १९३६ मध्ये प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ काढला, जो दुसऱ्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. त्यात वैकुंठगमनाचे विमान प्रत्यक्ष खाली उतरते. आजच्या मुलांना ते विमान पाहून हसू येते, आणि मला त्यांच्या हसण्याचे नवल वाटते. त्या चित्रपटाने पहिल्या दृश्यापासून तुकोबांच्या भक्तांच्या डोळ्यांनीच पाहण्याचे व्रत घेतले आहे आणि अखेरपर्यंत ते मोडलेले नाही. तुकोबांचा द्वेष करणाऱ्या सालोमालोच्या डोळ्यांनी पाहायचे असते तर चित्रपट वेगळा झाला असता. तेथे तिवई आधीच जाऊन उभी नाही. भाविक मनात जेथे विमान उतरत होते तेथेच ते पडद्यावर उतरले. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणाऱ्या विघ्नांत पहिले विघ्न संभावनेच्या अभावाचे मानले आहे: हे असे होणे शक्य नाही असे वाटले की रसिकाचे चित्त स्थिरावत नाही. चमत्कार दाखवल्याने हे विघ्न उभे राहते असा समज आहे, पण माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा दृष्टिकोन मध्येच बदलल्याने उभे राहते.

दृष्टिकोनाचा प्रश्न आला की प्रवेशाच्या अधिकाराचाही येतो. पूर्वी गाभाऱ्यात कोणी जावे हा प्रश्न होता. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांच्या द्रव्याने आणि सावरकरांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये उभ्या राहिलेल्या पतितपावन मंदिराने त्या प्रश्नाचे उत्तर सर्व जातींच्या हिंदूंना सारखाच प्रवेश देऊन माणसांपुरते दिले. यंत्राच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या, प्रवेशाचा निवाडा मात्र कोणी दिलेला नाही, आणि तो सरसकट देता येईल असेही मला वाटत नाही. देवस्थानच्या विश्वस्तांनी परवानगी दिली म्हणजे अधिकार मिळाला असे नाही, आणि नाकारली म्हणजे गेला असेही नाही. अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी २००९ च्या सुमारास ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, ज्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाकडे तो ज्या पातळीवरून पाहतो ती पातळी कोणत्याही संस्थेच्या परवानगीने मिळणारी नव्हती. दयेचा कॅमेरा वरून खाली पाहतो, अचंब्याचा खालून वर. ‘पिस्तुल्या’तला समोर पाहतो. शिमग्यावर लघुपट करणाऱ्या आमच्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरचेच आजोबा मानकरी असतात, आणि तरी ही मुले आपल्याच पालखीकडे पर्यटकाच्या अचंब्याने पाहू लागतात, याचे कारण चित्रणाच्या आधी त्यांनी पाहिलेले शंभर पर्यटनपट होत. त्यांना परकेपणा शिकवलेला आहे. आपलेपणा विसरण्याचा तो अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठाने मंजूर केलेला नसला तरी मोबाइलवर अहोरात्र चालू असतो.

म्हणून तोंडी परीक्षेची सोय असेल तेथे मी विद्यार्थ्याला त्याच्या हेतूविषयी काही विचारीत नाही, कारण हेतू सांगावयास सांगितला की प्रत्येकाचा उदात्तच निघतो. मी विचारतो: पालखीला त्या दिवशी खूण सापडली नसती, तर तुझ्या लघुपटाचे काय झाले असते? काही म्हणतील की पुढच्या वर्षी पुन्हा चित्रण केले असते; हे उत्तर वाईट नाही, त्यात चिकाटी आहे, पण फळाची आसक्तीही तितकीच आहे. काही, थोडे चाचरत, म्हणतील की चार मित्रांना खांद्यावर पालखीसारखे काही तरी देऊन तेवढा शेवट वेगळा टिपला असता. त्यांना मी शांतपणे बसवून ट्रामगाडीची गोष्ट सांगतो. आणि एखादा असाही निघेल जो म्हणेल की न सापडलेल्या खुणेचाच लघुपट केला असता, मळ्यातून रिकाम्या हाताने परतणारी पालखी, गाऱ्हाण्यासाठी पुन्हा उभा राहिलेला गुरव, आणि कोणाचे काय चुकले यावर सहाणेवर रात्री उशिरापर्यंत चाललेली गावकऱ्यांची चर्चा असा. छापील तक्त्यात या उत्तरासाठी रकाना नाही. ते गुण मी संकलनाच्या रकान्यात धरतो आणि शेऱ्यात तसे लिहून ठेवतो, म्हणजे फेरतपासणीची वेळ आलीच तर दुसऱ्या परीक्षकाला कारण शोधावे लागू नये.